परतीच्या पावसातले वाटसरू: नीलपंख, माशीमार, अमूर ससाणे (सप्टेंबर ते डिसेंबर)

माळकरी | २१ सप्टेंबर

थंडी पडली की इथे 'भिगवणला फ्लेमिंगो आले का?' असा धागा दरवर्षी निघतो आणि होळीपर्यंत चालतो. चालू दे, मीही त्यात असतोच. हा धागा मात्र त्याआधीच्या दिवसांचा. तेव्हा बहुतेकांच्या दुर्बिणी कपाटात असतात, कारण 'अजून सीझन सुरू झाला नाही'.

सीझन कधीच सुरू झालाय. रोहित, पट्टकदंब, थापट्या, तलवार बदकं ही मंडळी आपल्याकडे हिवाळा काढायला येतात. या रविवारी चुकली तर पुढच्या रविवारी भेटतील. पण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वेगळीच वर्दळ चालू असते. मध्य आशियात आणि त्याच्याही पलीकडे वीण आटोपून आफ्रिकेला निघालेले पक्षी आपल्या पश्चिम भागातून जातात. त्यांना इथे राहायचंच नसतं. किडे खायचे, अंगावर चरबी चढवायची आणि पुढे निघायचं. या वाटेचा मुख्य पट्टा राजस्थान, कच्छ, सौराष्ट्रातून जातो. तिकडे सप्टेंबरमध्ये विजेच्या तारांवर ओळीने बसलेले युरोपीय नीलपंख आपल्या माळांवर एकटेदुकटे उतरतात. आपल्याकडे ते दुर्मीळ आहेत ते एवढ्यामुळेच, आणि त्यातही कुणी पाहायला गेलेलं नसतं म्हणून.

माझ्या यादीत सध्या हे आहेत: युरोपीय नीलपंख, ठिपकेदार माशीमार (आपण सगळे स्पॉटेड फ्लायकॅचरच म्हणतो), कुकू, निळ्या गालांचा वेडा राघू, नशीब जोरावर असेल तर लाल पाठीचा खाटीक. डबक्यांवर लाल मानेचा फॅलरोप. हा मूळचा उत्तर ध्रुवाकडचा पक्षी, हिवाळा अरबी समुद्रात लाटांवर काढतो आणि जाता जाता कधीकधी एखाद्या साध्या पाझर तलावात भोवऱ्यागत स्वतःभोवती फिरताना दिसतो.

कुठे पाहायचं? तलावावर नाही. पुण्याच्या पूर्वेला सासवड, मोरगाव, सुपे, खाली इंदापूरकडे कडबनवाडी. गवताळ माळ, मध्ये सुट्या बाभळी-बोरी आणि एखादी विजेची तार. रात्री पाऊस पडून सकाळी उघडीप झाली की पाखरं खाली असतात आणि भुकेलेली असतात. बूट-मोजे कुसळांनी भरतील, त्याला इलाज नाही.

एक आग्रहाची सूचना. ग्रुपवर 'अमक्या ठिकाणी अमुक दिसला' वाचून पहाटे तीनला गाडी काढण्यात या पक्ष्यांच्या बाबतीत फारसा अर्थ नसतो. तुम्ही पोचेपर्यंत तो ओमानच्या वाटेला लागलेला असू शकतो. घराजवळचा एकच माळ धरा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा. रोजचं काय ते पाठ झालं की वेगळं असेल ते आपोआप खटकतं.

तुमच्या नोंदी इथे टाका.

---

रानवाट | २१ सप्टेंबर

वाचनखूण साठवली आहे. नीलपंखाबद्दल जरा सविस्तर सांगा. आपला नेहमीचा चास, म्हणजे भारतीय नीलपंख, आणि युरोपीय, दोन्ही निळे, दोन्ही तारेवर. मला तर दोन्ही दसऱ्याचेच वाटतात.

---

माळकरी | २१ सप्टेंबर

बसलेला असेल तर छाती पाहा. आपल्या नीलपंखाची छाती तपकिरी-जांभळट, गळ्यावर फिकट रेघा. युरोपीय असेल तर डोकं, गळा, छाती, पोट सगळं सलग फिकट निळं आणि पाठ स्वच्छ तांबूस. गोम अशी, की सप्टेंबरात येणारे बरेचसे पहिल्या वर्षाची पिल्लं असतात. ती मळकट, छातीवर तपकिरी झाक आणि रेघाही. तिथेच गफलत होते.

म्हणून उडेपर्यंत थांबा. आपल्या पक्ष्याच्या पंखात गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे आलटून पालटून दिसतात. युरोपीयच्या पंखाचा पुढचा भाग निळा आणि मागची उड्डाणपिसं खालून एकसलग काळपट. हे एकदा नीट पाहिलं की पुन्हा शंका येत नाही.

---

तिरकस_तुतारी | २२ सप्टेंबर

म्हणजे रोज त्याच बाभळीकडे बघत बसायचं. बायको विचारेल काय दिसलं, सांगायचं बाभूळ.

---

माळकरी | २२ सप्टेंबर

@तिरकस, बाभळीवर चातकाचं पिल्लू दिसेल सध्या. सातभाईंच्या थव्यात एक लांब शेपटीचं काळं-पांढरं ध्यान शोधा. त्याला सातभाईंनी वाढवलं, आईबापांची त्याची कधी गाठ पडलेली नाही, आणि थोड्याच दिवसांत ते एकटं निघून जाईल. ज्या मुलखात जायचं तो त्याला कुणी दाखवलेला नसतो. यासाठी मी बाभळीकडे बघत बसायला तयार आहे.

---

भिंगरी | २४ सप्टेंबर

नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. ठाण्यात सोसायटीच्या गुलमोहरावर एक चिमणीएवढा मातकट पक्षी दोन दिवस दिसतोय. फांदीवरून झेपावतो, हवेतच काहीतरी पकडतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. फोटो मोबाइलचा आहे, त्यात पानंच जास्त आहेत. हा तो स्पॉटेड फ्लायकॅचर का?

---

खाडीकाठ | २४ सप्टेंबर

फोटो नको, तीन गोष्टी सांगा. छातीवर रेघा आहेत का? कपाळावर बारीक रेघा आहेत का? डोळ्याभोवती पांढरं कडं आहे का?

---

भिंगरी | २५ सप्टेंबर

छाती कोरी, जरा धुरकट. कपाळ नीट दिसलं नाही. डोळा मोठा आहे आणि भोवती कडं नक्की आहे. चोच खालून पिवळसर वाटली. बसतो आतल्या, सावलीतल्या फांदीवर.

---

खाडीकाठ | २५ सप्टेंबर

मग तपकिरी माशीमार. ठिपकेदार माशीमाराच्या छातीवर आणि कपाळावर रेघा असतात, डोळ्याचं कडं ठळक नसतं. तो ताठ बसतो, उघड्यावर, वाळक्या शेंड्यावर किंवा कुंपणाच्या तारेवर, आणि पंखांची टोकं मध्येच झटकतो. तुमचा हिवाळाभर राहू शकेल, त्यामुळे सवडीने पाहता येईल. आणि निरीक्षण चांगलं केलंत. इथे वर्षानुवर्षं भलीमोठी लेन्स घेऊन फिरणाऱ्यांना चोचीचा खालचा रंग सांगता येत नाही.

---

भिंगरी | २५ सप्टेंबर

थोडी निराश झाले, खोटं कशाला बोलू. तारीख मात्र लिहून ठेवली.

---

बाजरीवाला | २८ सप्टेंबर

करमाळा भागातून. तुमचे ते दुर्मीळ आम्हाला ठाऊक नाहीत, पण स्थलांतरित म्हणाल तर भोरड्यांवर मी तासभर बोलेन. पोळ्याच्या सुमाराला पहिला थवा येतो. या वर्षी बाजरी कणसात आणि हे वरून हजर. गोफण, पत्र्याचा डबा, फटाके, सगळं करून झालं. एका शेतातून उठवल्या की शेजारच्याच्या शेतात, तो उठवतो की परत आमच्याकडे. शहरातले लोक मार्चमध्ये पळसावरच्या याच भोरड्यांचे 'गुलाबी मैना' म्हणून फोटो टाकतात, तेव्हा मला हसू येतं.

तरी एक सांगतो. माझे वडील म्हणायचे, भोरडी दाणा खाते त्याच्या आधी नाकतोडा खाते. ज्या साली नाकतोडे जास्त त्या साली त्यांना कुणी हाकलायचं नाही.

---

माळकरी | २८ सप्टेंबर

वडिलांचं म्हणणं खरं आहे. भोरड्यांची वीण मध्य आणि पश्चिम आशियाच्या गवताळ प्रदेशात होते आणि तिथे पिल्लांना मुख्यतः टोळ-नाकतोडेच भरवतात. जिथे टोळांचा सुकाळ तिथे त्या वर्षी वसाहत. काळ्या डोक्याचा भारीटही (बंटिंग) तिकडचाच. तो तर पूर्व युरोपातूनही येतो, म्हणजे हिवाळ्यासाठी दक्षिणेला जायचं सोडून पूर्वेला येतो. तुमची ज्वारी निसवली की तो येईलच.

---

बाजरीवाला | २८ सप्टेंबर

येतो. पिवळा, थव्याने. त्याचीही गाठ गोफणीशीच आहे.

---

अक्षीचा_वारा | ३ ऑक्टोबर

अलिबागजवळच्या अक्षी किनाऱ्याचा अहवाल. ओहोटीला गेलो होतो. वाळू चिखले बरेच, कोरल (कर्ल्यू) थोडे, सुरय आणि कुरव येऊ लागलेत, ऑयस्टरकॅचर अजून नाही. कुणी येणार असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघून या. पूर्ण ओहोटीला पक्षी इतके लांब असतात की दुर्बिणीतही ठिपके दिसतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं, तेव्हा एका जागी बसून राहायचं. वाळूवरून गाड्या पळवणाऱ्यांना हे कोण सांगणार.

---

मांडवीतीर | ४ ऑक्टोबर

गोंयहून नमस्कार. मोरजीलाही वाळू चिखले पोचलेत. पर्यटक नोव्हेंबरात वाढतात, त्यामुळे सध्याचे दिवस चांगले. करमळी तळ्यावर पाणी भरपूर आहे, बदकांना वेळ आहे.

---

रानवाट | ७ ऑक्टोबर

दिसला!! सासवडच्या पुढे, रस्त्याकडेच्या तारेवर. आधी चास म्हणून सोडून देणार होतो. मग तो खाली नाकतोड्यावर उतरला आणि पंख उघडला, मागची बाजू काळी. गाडीतून न उतरता पाहिला, त्याने तीन वेळा शिकार केली. माझा लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला. फोटो नोंदीपुरताच आहे, पण पंख दिसतोय.

---

लांब_लेन्स | ७ ऑक्टोबर

अभिनंदन! लोकेशन टाका ना, उद्या सकाळी निघतो. आम्ही चार जण आहोत.

---

खाडीकाठ | ७ ऑक्टोबर

नका टाकू. मागे एका माळावर एका दुर्मीळ पाखराची जागा ग्रुपवर गेली आणि दुसऱ्या दिवशी तिथे लग्नाची वरात उतरावी तशा गाड्या उतरल्या. शेतकऱ्याच्या हरभऱ्यातून लोक चालत गेले, कुणी मोबाइलवर आवाज वाजवला, पाखरू दिवसभर या झुडपातून त्या झुडपात. त्याला पुढे समुद्र ओलांडायचा होता, खायला वेळ हवा होता.

---

लांब_लेन्स | ७ ऑक्टोबर

प्रत्येक फोटोग्राफर आवाज वाजवत नाही. आणि जागा लपवून ठेवणं ही पण मक्तेदारीच झाली. ज्यांची ओळख आहे त्यांना फोनवर कळतं, नवख्याने काय करायचं? हाच नीलपंख माझ्या मुलीला दाखवायचा आहे.

---

माळकरी | ८ ऑक्टोबर

दोघांचंही थोडं थोडं पटतं. घुबडाचं घरटं, रानपिंगळा, माळढोक यांची जागा कधीच सांगू नये, यावर इथे वाद नसावा. नीलपंख तारेवर बसतो, रस्त्यावरून दिसतो, गाडीत बसून पाहिला तर त्याला काही त्रास नाही. त्यामुळे मी तालुका सांगेन, खांबाचा नंबर नाही. मुलीला घेऊन सासवड ते मोरगाव रस्त्याने सकाळी सावकाश गाडी चालवा आणि प्रत्येक तार बघा. तिने स्वतः शोधला तर तिला तो जन्मभर लक्षात राहील. नाही सापडला तरी खाटीक, धोबी, नुकते परतलेले भोवते (हॅरियर), एवढं नक्की दिसेल.

ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद टाकताना घाई नसेल तर यादी काही दिवसांनी टाका. माहिती जमा होते आणि गर्दीही होत नाही.

---

तिरकस_तुतारी | ८ ऑक्टोबर

आणि त्या माळावर पुढच्या वर्षी माळ शिल्लक आहे का तेही बघा. माझ्या नेहमीच्या जागी 'वृक्षारोपण' झालंय. चर खणले, गिरिपुष्पाची रोपं लावली, पाटी लावली. गवत म्हणजे ओसाड जागा असं ज्यांना वाटतं त्यांना भोवत्या कुठे झोपतो ते दाखवायला हवं. भोवते रात्री झाडावर बसत नाहीत, उघड्या माळावर गवतातच उतरतात, तेही मोठ्या संख्येने एकत्र. झाडं लावली की त्यांचं अंथरूण गेलं.

(हो, मी गंभीरही होतो.)

---

खाडीकाठ | ८ ऑक्टोबर

+१. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. बाकी सगळे माळ कुणाच्या ना कुणाच्या नजरेत 'पडीक'.

---

रानवाट | १२ नोव्हेंबर

दिवाळीत सगळे गायब. आता अमूर ससाण्यांचं बोला. नागालँडचे फोटो येऊ लागलेत, लोणावळ्यात कधी?

---

माळकरी | १२ नोव्हेंबर

अजून थोडं थांबा. आपल्याकडे नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरची सुरुवात. पाऊस परतला (मुंबईसाठी हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे) की वाऱ्याची दिशा फिरते. पुढे ईशान्येचा वारा स्थिरावतो आणि तो यांना पाठीवर घेतो.

नवीन सभासदांसाठी थोडक्यात. हा दीडशे ग्रॅमच्या आसपासचा ससाणा. वीण आग्नेय सैबेरिया आणि उत्तर चीनमध्ये, हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिण भागात. वर्षाला २० हजार किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास. ऑक्टोबरात नागालँड-मणिपुरात लाखांनी उतरतात. २०१२ साली दोयांग जलाशयापाशी जाळी लावून त्यांची प्रचंड प्रमाणात शिकार होत असल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी गावांनी स्वतः ती थांबवली. हे मला त्यांच्या उड्डाणाइतकंच मोठं वाटतं, कारण त्या लोकांच्या कमाईचा तो भाग होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे तीन पक्ष्यांना उपग्रह टॅग लावले, नावं नागा, वोखा आणि पांगती. ते भारतीय द्वीपकल्प आडवा कापून, अरबी समुद्र न थांबता ओलांडून सोमालियात आणि तिथून दक्षिणेला गेले. लोणावळ्याचे डोंगर म्हणजे त्या समुद्राआधीची शेवटची उंच जमीन.

---

भिंगरी | १३ नोव्हेंबर

समुद्रावर खातात काय?

---

माळकरी | १३ नोव्हेंबर

चतुर खात असावेत, असा एक अंदाज आहे. पावसाळ्यानंतर आपल्याकडे पिवळट चतुरांचे थवे दिसतात ना, तेही समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात असं चार्ल्स अँडरसन या मालदीवस्थित सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलं. मालदीवमध्ये चतुरांना अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाही, तरी दर ऑक्टोबरात तिथे ते असंख्य येतात, मग हे येतात कुठून, असा त्याचा साधा प्रश्न होता. ससाणे, नीलपंख, कुकू, वेडे राघू यांच्या वेळा या चतुरांच्या वेळांशी जुळतात, हेही त्याने दाखवलं. कुकूचं म्हणाल तर मोंगोलियात २०१९ साली टॅग लावलेला ओनॉन नावाचा कुकू भारतावरूनच झांबियाला गेला आणि २०२० मध्ये परत मोंगोलियात पोचला.

---

लांब_लेन्स | २९ नोव्हेंबर

लोणावळ्याजवळच्या पठारावर आज सकाळी. आधी खरुची (केस्ट्रल) समजलो. मग लाल पाय दिसले. नर गडद राखाडी, मांड्या तांबूस, आणि उडताना पंखांचा खालचा पुढचा भाग पांढराशुभ्र. माद्या पोटावर ठिपके-पट्टेवाल्या, त्यांचेही पाय नारिंगी. थव्यात एक लांब टोकदार पंखांचा होता, गालावर काळी मिशी, मला हॉबी ससाणा वाटतोय. फोटो तपासून सांगा. मुलगी बरोबर होती. नीलपंख मात्र तिला मोरगावच्या अलीकडे आधीच सापडला, इथे सांगायचं राहिलं.

(आवाज वाजवला नाही, आणि पठाराचं नावही लिहीत नाही. खाडीकाठ, खूश?)

---

खाडीकाठ | २९ नोव्हेंबर

खूश. पायांच्या कडेला तांबूस, छातीवर जाड उभ्या रेघा, म्हणजे हॉबीच. मुलीला शाबासकी.

---

हायवेल्डकर | १ डिसेंबर

मी जोहान्सबर्गला असतो, मूळचा साताऱ्याचा. इथे लवकरच ते येतील. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत मक्याच्या शेतांकडेच्या तारा यांनी भरलेल्या असतात आणि संध्याकाळी हजारोंनी गावातल्या निलगिरीच्या झाडांवर झोपायला येतात. अनेक वर्षं मी त्यांना इथलेच समजत होतो. लान्सलॉट, तू फोटो टाकलास तो नर इथे दिसला तर कळवतो.

---

लांब_लेन्स | १ डिसेंबर

लान्सलॉट नाही, लांब लेन्स! पण हे नाव आवडलं. नराला माझा नमस्कार सांगा.

---

भिंगरी | ३ डिसेंबर

ठाणे खाडीलगत तारेवर एक ससाणा दिसला, मी अमूर म्हणून ईबर्डवर टाकला. त्यांचा निरोप आला की पुरावा द्या. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का?

---

खाडीकाठ | ३ डिसेंबर

तसं नाही. त्या जिल्ह्यात त्या महिन्यात जे सहसा दिसत नाही त्याला ती प्रणाली आपोआप थांबवते आणि मग एक स्वयंसेवक तपासतो. माझ्याही नोंदी थांबतात. फोटो नसेल तर शब्दांत लिहा: पायांचा रंग, पोटावरच्या खुणा, पंख शेपटीपर्यंत पोचत होते का, उजेड कुठून होता, दुसरा कोणता पक्षी असू शकत होता आणि तो का नाही. 'नक्की अमूरच' एवढंच लिहिलंत तर मान्य होणार नाही. गुलमोहरावरच्या माशीमाराचं लिहिलं होतंत तसं लिहा.

---

भिंगरी | ४ डिसेंबर

लिहिलं. पाठ विटकरी आणि तिच्यावर काळे ठिपके होते हे लिहिताना आठवलं. आणि एका जागी फडफडत हवेत थांबला होता.

---

माळकरी | ४ डिसेंबर

मग खरुची. हवेत थांबणं अमूरलाही येतं, त्यावर जाऊ नका. विटकरी पाठ मात्र अमूरची नसते. नोंद बदला, खरुचीही हिवाळी पाहुणीच आहे.

---

बाजरीवाला | ५ डिसेंबर

तुमचं सगळं वाचतोय. आमच्याकडे ज्वारी पोटऱ्यात आहे. पौषात हुरड्याला या सगळे, भारीट आणि भोरड्या पोटभर दाखवतो. जेवणखाण माझ्याकडे. ज्याच्या हातात दुर्बीण, त्याने निम्मा वेळ माळ्यावर बसून गोफण फिरवायची, एवढीच अट.

---

तिरकस_तुतारी | ५ डिसेंबर

मी येतो. नेम वाईट आहे, पाखरांची काळजी नको. शेजारच्याची काळजी घ्या.